खोडायला एकच शब्द

७ मार्च

छोट्या,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, आईची खुशाली नाही, नुसतं वर्तमानपत्रातून कापलेलं आमच्या संघटनेचं निवेदन आणि त्यावर लाल शाईने आडवं लिहिलेलं ‘बुळबुळीत!!!’ अक्षर अजून सुधारलं नाही हं तुझं. मी हातावर छड्या मारून गिरवून घेतलेलं सगळं फुकट गेलं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. धक्क्यावरचा तिकीटवाला म्हणाला, ताई, पत्र माझ्याकडे ठेवा, संध्याकाळच्या होडीने पलीकडे पोचवतो. पूल बंद झाल्यापासून त्या माणसाला भलताच भाव आलाय. आधी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

तर हो, ते निवेदन मीच लिहिलं. चिटणीस मी, टायपिंग माझं, खाली नावही माझंच. ‘पूल बंद झाल्यामुळे निर्माण झालेल्या परिस्थितीकडे अभियंता संघटना लक्ष ठेवून आहे.’ तुला वाटलं असणार, ताईने जन्मभर नकाशाखात्यात रेघा ओढल्या, आणि आता खुर्ची मिळाल्यावर साहेबांसारखं तळ्यात-मळ्यात करायला लागली. तुझं गॅरेज पुलाच्या तोंडाशी. दिवसभरात एक गाडी फिरकत नाही. आणि सख्खी बहीण छापून सांगते की आम्ही लक्ष ठेवून आहोत! तुझ्या जागी मी असते तर तीन उद्गारचिन्हांवर भागवलं नसतं.

पण हे असं कसं झालं ते ऐकून तरी घे.

आमच्या संघटनेत एक जुनी रीत आहे, तिला आम्ही खोडणी म्हणतो. फार पूर्वी म्हणे एका निवेदनावरून दोन सभासदांची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली होती. तेव्हापासून ठरलं की मसुदा चिटणिसाने लिहायचा, मोठ्याने वाचायचा, आणि मग कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने तांबडी पेन्सिल घेऊन एकच शब्द खोडायचा. एकच. नवा शब्द घालायची कुणाला परवानगी नाही. चर्चा नाही, भाषण नाही. जे उरेल ते छापायचं. चिटणिसाला पेन्सिल नसते. मी आपलं बसून बघायचं.

माझा मसुदा असा होता: ‘पूल बंद झाल्यामुळे निर्माण झालेल्या परिस्थितीकडे अभियंता संघटना आपल्या सहकाऱ्याच्या पाठीशी ठामपणे, एकदिलाने उभी राहून लक्ष ठेवून आहे.’ काय वाईट होतं त्यात? अध्यक्षांनी पेन्सिल उचलली आणि ‘पाठीशी’ खोडलं. आता वाक्य लंगडं झालं. मग शेजारच्याने ‘उभी’ खोडलं, त्याच्या पुढच्याने ‘राहून’, आणि असं करत करत ‘आपल्या सहकाऱ्याच्या’पर्यंत सगळं साफ. प्रत्येकाला विचारशील तर तो म्हणेल, मी फक्त वाक्य दुरुस्त केलं हो! विरोध कुणीच केला नाही. पाठिंबा मात्र गेला.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या पूलवाल्या बाई, म्हणजे पूल बंद करणाऱ्या अभियंता, बैठकीला नव्हत्याच. त्याही कार्यकारिणीत आहेत, त्यांनाही पेन्सिल आहे. पण त्या पुलाखाली होत्या.

आईला होडीत घालून आणावं लागलं ते मी विसरलेले नाही. गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा इकडच्या दवाखान्यात यायचं, आणि मधे नदी. दोघांनी खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं तिला. तू बातमीदारांसमोर सांगितलंस की माझ्या म्हाताऱ्या आईचे हाल बघा. खरंच आहे ते. पण तुझी म्हातारी आई इकडे नर्सला सांगत होती की मुलाने असं नदीवर फिरायला आधी कधी नेलं नव्हतं! पूल उघडा म्हणणाऱ्या तुमच्या समितीत हे सांगू नकोस, नाहीतर पुढारीपण जाईल.

ताई

१६ मार्च

छोट्या,

उत्तर मिळालं. गॅरेजच्या बिलाच्या पाठीवर का होईना, लिहिलंस. ‘बाई तुमची, पूल आमचा. उघडा.’ बिल कोरं होतं म्हणून पाठीवर लिहिलंस की पाठीवर लिहायला मिळावं म्हणून कोरं ठेवलंस? जाऊ दे. कोरं बिल बघून मला बरं वाटलं नाही.

आता एक नवीन सांगते. बाईंवर चौकशी बसली आहे. वरच्यांना न विचारता एकटीने पूल बंद केला, शहराचे दोन तुकडे केले, हा आरोप. चौकशीचा निकाल विरुद्ध गेला तर त्यांना पुलावरून हलवणार. आणि आमच्या नियमात अशी तरतूद आहे की संघटनेने एखाद्या अभियंत्याचा निर्णय योग्य होता असं लेखी दिलं, तर खात्याला बाहेरचे तज्ज्ञ नेमल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. म्हणजे सगळा खेळ आता दुसऱ्या निवेदनावर आलाय. त्यात ‘योग्य’ हा शब्द पाहिजे. तो टिकला तर बाई वाचल्या.

मसुद्यासाठी माहिती हवी म्हणून मी बाईंना भेटायला गेले. बाई कुठे? पुलाखाली. चिखलात गमबूट घालून उभ्या, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं. मला बघून म्हणाल्या, ‘चप्पल घालून आलात? शिकलेल्या दिसता.’ हे त्यांचं स्वागत. तुला वाटतं ही बाई फक्त तुम्हा लोकांशीच असं बोलते. नाही रे, ती सगळ्यांशी असंच बोलते.

लोकांनी काय करायचं असं बातमीदाराने विचारलं तेव्हा बाई ‘घरून लवकर निघा’ म्हणाल्या, आणि तेवढ्या तीन शब्दांवर शहर पेटलं. तुम्ही फलक केलेत. परवा तुमचा मोर्चा इकडच्या तीरावर आला होता ना, त्यात एकाच्या फलकाचा खिळा सुटून पाटी लोंबत होती. बाई बाजूने चालल्या होत्या. थांबल्या, दगड उचलला, खिळा ठोकून दिला आणि म्हणाल्या, ‘आता हलवा.’ तो पोरगेला माणूस इतका गांगरला की घोषणाच विसरला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तू पुढे होतास, तुला दिसलं नसेल.

मी म्हटलं, बाई, नक्की काय झालं ते मला साध्या भाषेत सांगा. तर त्यांनी मला शिडीवर चढवलं. या वयात! वर पुलाच्या एका लोखंडी तुळईला केसासारखा तडा आहे. तो वाढतोय का हे कळावं म्हणून त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवतात. तडा जरा जरी हलला तरी काच फुटते. अशा बऱ्याच पट्ट्या आहेत. त्यातली एक त्या संध्याकाळी फुटलेली सापडली. बाईंनी वर येऊन रस्त्याच्या मधोमध स्वतःची गाडी आडवी लावली आणि पूल बंद केला. मग साहेबांना फोन केला. आधी गाडी, मग फोन. भांडण सगळं या क्रमावरच आहे.

पुढचं तुला माहीत आहे. खात्याचेच तिघे तज्ज्ञ आले. दोघे म्हणाले पुलाला काही धोका नाही, चिकटवण खराब असेल म्हणून काच फुटली. तिसरा म्हणाला सांगता येत नाही. तुमच्या समितीने पहिल्या दोघांची पत्रकं वाटली.

मी बाईंना म्हटलं, ते दोघे खोटं बोलतात असं मी लिहू का?

‘कशाला? चिकटवण खराब असेलही,’ बाई म्हणाल्या.

मी शिडीवरून पडायचीच बाकी राहिले. म्हटलं, अहो, मग पूल बंद का केलात?

‘तेव्हा मला माहीत नव्हतं की काच का फुटली. आजही माहीत नाही. माहीत नसताना वरून बस जाऊ द्यायची की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. मी ठरवलं.’ आणि उरलेलं अंडं तोंडात टाकून त्या पुढच्या पट्टीकडे गेल्या.

छोट्या, मी नकाशाखात्यात एवढी वर्षं काढली. हुशार माणसं खूप पाहिली. पण ‘माहीत नाही’ असं इतक्या स्वच्छ आवाजात म्हणणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. ही बाई मला आवडली. तिरसट आहे, फटकळ आहे, हिच्याबरोबर एका खोलीत दिवस काढायचा म्हटला तर मी पळून जाईन. पण आवडली. तुझ्याशी भांडण वाढलं तरी हे लपवून ठेवणार नाही.

आईचा पाठीचा पट्टा पाठवतेय, तिकीटवाल्याला तुझ्याकडे द्यायला सांगितलंय. त्याला पैसे देऊ नकोस, मी दिलेत.

ताई

२५ मार्च

छोट्या,

काल खोडणी झाली. जसं घडलं तसं सांगते.

या वेळी मी ठरवलंच होतं की मागच्यासारखं हातावर हात ठेवून बसायचं नाही. पेन्सिल नसली म्हणून काय झालं, मसुदा तर माझा आहे! प्रत्येकाला एक शब्द खोडायचाच असतो. नाही खोडला तर आपण लक्ष दिलं नाही असं वाटेल, ही प्रत्येकाला भीती. मग मी त्यांना खोडायला शब्द दिले. बकरेच म्हण ना. लठ्ठ लठ्ठ विशेषणं घातली. ज्यांच्यावर पेन्सिल आपोआप जाईल, आणि गेली तरी मला काडीचं दुःख होणार नाही, अशी. माणसं सात, बकरे सात.

वाक्य असं होतं, मन लावून वाच: ‘आमच्या निर्भीड, दूरदर्शी, लोकहितदक्ष, कर्तव्यकठोर सहकारी पूल-अभियंत्यांनी पूल बंद करण्याचा ऐतिहासिक, अतुलनीय, योग्य निर्णय तडफेने स्वतः घेतला.’

वाचताना मला स्वतःलाच हसू येत होतं. अध्यक्षांचा चेहरा तर कडू औषध घेतल्यासारखा झाला. ‘अतुलनीय?’ म्हणाले. मी म्हटलं, चर्चा नाही अध्यक्षमहाराज, पेन्सिल आहे. त्यांनी लगेच ‘अतुलनीय’ उडवलं. त्यांना वाटलं, संघटनेला वाचवलं. पुढच्याने ‘दूरदर्शी’. त्याच्या पुढच्याने ‘ऐतिहासिक’, आणि माझ्याकडे असं बघितलं की तुम्हाला हे शोभतं का. मी मान खाली घातली. आतून उकळ्या फुटत होत्या! ‘लोकहितदक्ष’ गेलं, ‘निर्भीड’ गेलं, ‘तडफेने’ गेलं. सातव्याने बराच वेळ पेन्सिल ‘योग्य’वर धरून ठेवली. छोट्या, मी मनात देवाला हाक मारली. मग त्याची नजर मागे ‘कर्तव्यकठोर’वर गेली, त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने तेच खोडलं. देव पावला म्हटलं.

राहिलं ते असं: ‘आमच्या सहकारी पूल-अभियंत्यांनी पूल बंद करण्याचा योग्य निर्णय स्वतः घेतला.’ बघ किती सरळ वाक्य. ना ढोल, ना ताशे. सातजणांच्या हातून घासून-पुसून निघालेलं, आणि मधे ‘योग्य’ जसाच्या तसा. बाईंना आता कुणी हात लावू शकत नव्हतं.

आठवी पेन्सिल बाईंची होती.

त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, गमबुटांसकट. स्वतःवरच्या निवेदनावर स्वतः खोडणी करायची का, असं कुणीतरी पुटपुटलं, पण नियम नियम आहे. मला काळजी नव्हती. त्यांच्यासाठी मी मुद्दाम ‘सहकारी’ शब्द ठेवला होता. बाईंना कुणाचं सहकार्य कधी मानवलंय? तोच खोडतील म्हटलं, आणि मोकळ्या होतील.

त्यांनी कागद जवळ ओढला. एकदा वाचला. आणि ‘योग्य’ खोडला.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहून ओरडले, ‘अहो बाई, तुमची नोकरी आहे ती!’ चिटणिसाने बोलायचं नसतं. चर्चा करायची नसते. मी बोलले.

‘पेन्सिल माझी आहे ना?’ बाई म्हणाल्या.

‘पण का?’

‘कारण योग्य होता की नाही ते मला माहीत नाही. पूल पडला असता तर कळलं असतं, आणि तसं कळून घ्यायची माझी इच्छा नाही.’ मग कागद माझ्याकडे सरकवला. इतक्या हळू बोललेल्या मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ‘बाकीचं सगळं खरं आहे. निर्णय घेतला, स्वतः घेतला. तेवढं छापा.’

अध्यक्ष चष्मा पुसत बसले. ज्याने ‘योग्य’वर पेन्सिल धरली होती तो मान वर करेना. सातही जणांनी आपापली अब्रू वाचवायला शब्द खोडले होते, आणि या बाईने स्वतःची ढाल खोडली. मला आधी इतका संताप आला की पाण्याचा पेला भिंतीवर फेकावासा वाटला. मी इतकं डोकं चालवून, इतके बकरे कापून जो शब्द वाचवला तो हिने एका फटक्यात घालवला! मग घरी येईपर्यंत संताप कुठे गेला ते कळलंच नाही. रस्त्याने मी चक्क रडत आले. मला तिच्यासारखं व्हावंसं वाटत होतं, या वयात, गुडघे दुखत असताना.

आज ते छापून आलंय. तू बघितलं असशीलच. ‘आमच्या सहकारी पूल-अभियंत्यांनी पूल बंद करण्याचा निर्णय स्वतः घेतला.’ लाल शाई काढली असशील तर थांब जरा. हे निवेदनही कोरडं आहे, हेही ना धड हो ना धड नाही. पण मागच्यासारखं नाही हे. कसं नाही ते मला तुला समजावून सांगता येत नाहीये, आणि त्याचाच मला त्रास होतोय.

आईला म्हणावं, मंगळवारी दवाखान्यात मी येते.

ताई

९ एप्रिल

छोट्या,

बाईंना हलवलं. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात टाकलंय. चौकशीत साहेबांनी त्यांना विचारलं की तुमच्या संघटनेनेसुद्धा निर्णय योग्य होता असं म्हटलेलं नाही, यावर तुमचं काय म्हणणं? बाई म्हणाल्या, ‘बरोबर आहे, तो शब्द मीच खोडलाय.’ साहेबांनी म्हणे दोनदा विचारून घेतलं.

मी भेटायला गेले होते. दिव्यांच्या खात्याचं ऑफिस म्हणजे एक गोदाम. खांब आडवे पडलेत, काचेच्या हंड्या रचून ठेवल्यात, आणि मधे बाईंचं टेबल. मला वाटलं होतं चेहरा उतरलेला असेल. कसलं काय! आल्या आल्या मला खांबाच्या बुडाचा गंज दाखवायला लागल्या. ‘यातले निम्मे पडायला आलेत. आत्तापर्यंत कुणी बघितलेलेच नाहीत.’ बाईंना कुठेही टाका, बघायला काहीतरी सापडतंच. निघताना मात्र मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, ‘पट्ट्या कुणी बघतंय का हो?’ मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं.

आता तुझ्या तीरावरची गोष्ट तू मला सांगायची, की मी तुला? बाई गेल्या, नवीन साहेब आले. तुम्ही हार घेऊन गेलात. पूल आता उघडलाच, असं तू बातमीदाराला सांगितलंस. मग? झाले की दिवस! उघडला का? नाही. ज्या दोन तज्ज्ञांनी काही धोका नाही म्हटलं होतं, त्यांच्याकडे नवीन साहेबांनी उघडायच्या कागदावर सही मागितली, तर एकाला कामानिमित्त परगावी जावं लागलं आणि दुसरा म्हणाला माझं काम सल्ला देण्याचं. साहेबांचे साहेब म्हणतात, तुमच्या पातळीवर निर्णय घ्या. नवीन साहेब म्हणतात, वरून लेखी येऊ दे. बंद करणारी एकटी होती. उघडायला मात्र अख्खं खातं पुरत नाहीये.

आणि काल कानावर आलं की नवीन साहेबांनी तुमच्या समितीलाच बोलावलंय. लोकांची मागणी आहे ना, मग लोकांनीच लिहून द्यावं, अशी त्यांची युक्ती. समितीचा म्होरक्या तू.

मी तुला काही सांगणार नाही. कर म्हणणार नाही, नको करू म्हणणार नाही. तुझं गॅरेज बंद पडायला आलंय हे मला माहीत आहे. वहिनीने बांगड्या मोडल्या हे तिने मला सांगितलेलं नाही, आईने सांगितलं, म्हणून तूही तिला बोलू नकोस. तुमच्या घरातलं मीठ मी खाल्लंय रे. मी या तीरावर पेन्शन खात बसून तुला शहाणपण शिकवणार नाही.

लहान होतास तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे यायचास, म्हणायचास, ताई, तू सांग काय येईल. मला कधीच माहीत नसायचं. तरी काहीतरी सांगायचे. आता तेवढंही सांगत नाही.

ताई

१३ एप्रिल

ताई,

मला पत्रं लिहायची सवय नाही, चुका काढत बसू नकोस.

साहेबांनी बोलावलं होतं. आम्ही पाचजण गेलो. चहा, बिस्किटं, पंखा आमच्याकडे वळवलेला. साहेब फार गोड बोलतात. तुझ्या बाईंसारखे नाहीत. म्हणाले, तुमची मागणी रास्त आहे, आमचीही तीच इच्छा आहे, फक्त एक औपचारिकता. आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘नागरिक समितीच्या मागणीवरून व समितीच्या जबाबदारीवर पूल वाहतुकीस खुला करण्यात येत आहे.’ खाली माझं नाव आधीच टाइप करून ठेवलेलं. पेनसुद्धा त्यांचंच.

मी म्हटलं, आधी मला तो तडा दाखवा. साहेबांना ते आवडलं नाही, पण त्यांनी माणूस बरोबर दिला. मी शिडी चढलो. बघितला. ताई, मला काहीच कळलं नाही. टायर असता तर हात फिरवून सांगितलं असतं, अजून दोन महिने चालेल, किंवा आजच बदला. आजवर किती जणांना सांगितलंय. इथे एक बारीक रेघ आणि त्यावर काच. काच फुटलेली नव्हती. म्हणजे चांगलं की वाईट, तेही कळेना. माणसाला विचारलं, ही पट्टी शेवटची कधी बघितली? तो म्हणाला, ते बाई बघायच्या.

परत वर आलो. समितीतले बाकीचे माझ्याकडे बघत होते. औषधवाला म्हणाला, कर रे, काय होतंय. मी पेन त्याच्या पुढे धरलं. म्हटलं, तू कर. तो हसला. मग ट्रान्सपोर्टवाल्यापुढे धरलं, तो म्हणाला, म्होरक्या तू आहेस. चौघांपुढे फिरवलं. मग साहेबांपुढे धरलं. साहेब म्हणाले, तसं नियमात बसत नाही.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, मी सही करत नाही.

बाहेर लोक थांबले होते. त्यांना काय सांगायचं? आत सगळे म्हणत होते, सांग की समितीने मुदत मागितली आहे, सांग की विचार चालू आहे. तसलं मला चटकन सुचलंही होतं, तुझा भाऊ आहे शेवटी. पण मी सांगितलं, कागद माझ्यापुढे आला होता आणि सही मी केली नाही. मग जे सुरू झालं ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही. समितीने मला काढून टाकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या शटरवर कुणीतरी ‘विकला गेला’ असं रंगवलं होतं. तुझ्या वहिनीने घासून काढलं, पण अजून दिसतं. आई तेवढी म्हणाली, बरं केलंस, मला होडीच आवडते.

मी अजून चिडलेलोच आहे ताई, असं समजू नकोस की सुधारलो. बाईंनी लोकांशी नीट बोलायला पाहिजे होतं. आणि पूल दुरुस्त करा की भराभर! नुसता बंद ठेवून काय भागतंय? पण पट्ट्या बघायला माणूस नाही हे मी स्वतः पाहिलं. म्हणून चौकशीवाल्यांना पत्र द्यायचं ठरवलंय, की त्या बाईंना दिव्यांतून काढून परत पुलावर पाठवा. समितीचं नाही, माझं एकट्याचं. मसुदा तू करून दे. तुझी ती लठ्ठ विशेषणं घालू नकोस, मी एकटाच आहे, खोडायला कुणी नाही.

आणि बाईंना एक विचार. माझं नाव सांगू नकोस, किंवा सांग, हवं तर. त्यांना विचार, गाडी आडवी लावून घरी गेल्यावर त्यांना झोप लागली होती का? मला चार रात्री लागलेली नाही. किती दिवसांनी लागते, तेवढं विचारून कळव.

छोट्या